कट्ट्यावर उरलेला खडा

रविवारी पहाटे त्रिवेणीनं थर्मासमध्ये चहा भरला. आल्याचा, साखर जरा जास्तच, कारण हिम्मतरावांना कमी गोड चहा दिला की ते कपात काढा असल्यासारखं बघतात. मग डझनभर केळी पिशवीत टाकली आणि लेकीच्या खोलीचं दार वाजवलं. मनातून तिला वाटत होतं, पोरीनं उठू नये. 'नको गं आई, आज नाही' म्हणून तिनं कूस बदलावी, आणि आपणही डोकं दुखतंय असा निरोप पाठवून मोकळं व्हावं. पण तेजश्री बूट घालून, केस बांधून तयार बसली होती.

"आई, तू नको येऊस हवं तर," ती म्हणाली. "मी जाते ना मंडळींबरोबर."

"बरी आहेस. चल," त्रिवेणी म्हणाली.

आता ही मंडळी कोण, ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चिक्कडपल्ली, विद्यानगर, बरकतपुरा इकडची आपली माणसं. कुणाचे आजे बीदरकडून आलेले, कुणाचे उदगीरकडून, दोनचार पुण्याहून कंपनीत नोकरीला आलेली पोरं. आठवडाभर विद्यापीठाच्या रस्त्यांवर धावायचं आणि रविवारी शहराबाहेर, डोंगरावर. सगळ्यांचे म्होरके हिम्मतराव. शाळेत खेळाचे मास्तर होते, वय अडुसष्ट, शिट्टी अजून गळ्यात. शहराबाहेर तासाभरावर नेमलीगुट्टा आहे. तेलुगूत गुट्टा म्हणजे टेकडी, नेमली म्हणजे मोर. मोठमोठे धोंडे एकावर एक, मधे सीताफळाची झाडं, घाणेरीचं रान, आणि वर एक कुंटा, म्हणजे छोटं तळं. सात किलोमीटरची वाट हिम्मतरावांनी स्वतः शोधून काढलेली. आदल्या दिवशी जाऊन ते चुन्याचे बाण आखायचे, फांद्यांना लाल फिती बांधायचे.

त्यांचे दोन नियम होते. पहिला खड्याचा. टेकडीच्या पायथ्याशी लिंबाला बांधलेला कट्टा आहे. वर जाताना प्रत्येकानं आपला एक खडा त्यावर ठेवायचा, खाली आल्यावर उचलून टाकायचा. कट्टा साफ म्हणजे सगळे उतरले. दुसरा नियम शेपटाचा. सगळ्यांत मागं जो राहायचा, त्याला शेपूट म्हणायचे. त्यानं फांद्यांवरच्या फिती सोडवून घेत यायचं, कुणाला मागं ठेवायचं नाही, आणि खाली आला की हिम्मतराव विचारायचे, "मागे कोणी?" शेपटानं कट्ट्याकडे बघून सांगायचं, "कोणी नाही." मगच शेवटची गाडी निघायची. बारा वर्षं हे असंच चाललं होतं, कुणाला कधी खरचटलंसुद्धा नव्हतं.

तेरा महिन्यांपूर्वी शेपूट त्रिवेणी होती.

त्या दिवशी ज्योती म्हणून एक मुलगी दुसऱ्यांदाच आली होती. सव्वीसेक वर्षांची, विद्यानगरला आईबरोबर राहायची, कोठीच्या बाजारात एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. अंगाला कायम स्पिरिटचा वास. बोलणं कमी, पाय हळू. तिनं कट्ट्यावर एक गारगोटी ठेवली, सुपारीहून थोडी मोठी, एका बाजूनं लालसर. आणि त्रिवेणीला म्हणाली, "ताई, मी फार हळू आहे. थांबाल ना माझ्यासाठी?"

"थांबते की. शेपूट आहे मी, जाते कुठं," त्रिवेणी हसून म्हणाली होती.

पण त्या सकाळी त्रिवेणीचा जीव डोंगरावर नव्हता. नऊ वाजता तेजश्रीला बघायला पुण्याची माणसं यायची होती. पोहे भिजवायचे होते, दिवाणाची चादर बदलायची होती. कुंट्यापाशी ज्योती म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी जरा आडोशाला जाऊन येते. त्रिवेणी पुढं झाली. हळू चालली, दोनदा हाक मारली, उत्तर आलं नाही. तिला वाटलं, पोरगी मधल्या पायवाटेनं उतरली असेल. नवे लोक उतरायचे तसे. खाली आली तर पहिली गाडी निघून गेलेली, दुसऱ्या गाडीत हिम्मतराव आणि चौघं बसलेले. कट्ट्यावर एक खडा. ती गारगोटी.

सव्वासात झाले होते. ज्योती पहिल्या गाडीतनं गेली असणार, खडा उचलायला विसरली असणार. नवे लोक विसरायचेही. आता हे सांगत बसलं की हिम्मतराव शिट्टी वाजवत परत वर जाणार, ते काही कुणाचं ऐकणार नव्हते. त्रिवेणीनं गारगोटी उचलली आणि घाणेरीत भिरकावली.

"मागे कोणी?"

"कोणी नाही. कट्टा साफ," ती म्हणाली, आणि गाडीत बसली.

दहाच्या सुमारास चतुराबाईंचा, म्हणजे ज्योतीच्या आईचा, हिम्मतरावांना फोन आला. हिम्मतरावांनी त्रिवेणीला फोन केला. पाहुणे दिवाणावर बसलेले, तेजश्री पोह्यांच्या बशा घेऊन उभी. त्रिवेणी आत जाऊन हळू आवाजात म्हणाली, "नव्हता हो खडा. उतरली होती ती." एवढंच एक वाक्य. पण त्या वाक्यावर भरवसा ठेवून लोक दोन दिवस ज्योतीला शहरात शोधत राहिले. कोठीत, बस स्टँडवर, दवाखान्यांत. डोंगरावर कुणी गेलंच नाही, कारण डोंगरावरनं ती उतरली होती. तिसऱ्या दिवशी एका मेंढपाळाला ती दोन धोंड्यांच्या फटीत सापडली. पाय आत अडकलेला, एक हात बाहेर. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत जिवंत असावी.

पुण्याच्या माणसांनी नकार कळवला, तोही त्याच दिवशी.

लोक म्हणाले, पोरीचंच चुकलं, खडा ठेवला नाही. चतुराबाई एकच सांगत राहिल्या. "माझं लेकरू खडा ठेवल्याबिगर जायचं नाही." पण म्हाताऱ्या बाईचं कोण ऐकतं. त्रिवेणीनं ऐकलं, रोज ऐकलं, आणि तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशी भीतीनं, दुसऱ्या दिवशी लाजेनं, आणि नंतर काय, उशीर झाला म्हणून.

तर असं तेरा महिन्यांनी नेमलीगुट्ट्यावर परत जायचं ठरलं होतं. मधल्या काळात तेजश्रीही धावायला लागली होती, आणि तिला जायचंच होतं. त्रिवेणीनं गाडीतनं उतरतानाच सांगितलं, "आज शेपूट मीच होणार." हिम्मतरावांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. "हौ, व्हा," म्हणाले. तेजश्रीनं कट्ट्यावर एक काळा गुळगुळीत खडा ठेवला आणि पोरांबरोबर पुढं निघून गेली.

माघातला गारवा होता, धुकं धोंड्यांच्या कमरेपर्यंत. मोर ओरडत होते. त्रिवेणीनं सगळ्यांना पुढं घातलं आणि एकेक फीत सोडत मागनं चालत राहिली. कुंट्यापाशी तिनं मान वर केली नाही. काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही. आठ वाजायच्या आत ती खाली आली, ऊन पडलं होतं, मंडळी तिच्याच थर्मासमधला चहा पीत होती, आणि तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं कट्ट्याकडे पाहिलं.

काळा गुळगुळीत खडा तिथंच होता.

"तेजू कुठंय?"

"तुमच्याबरोबर नाही?" कंपनीतल्या पोरांपैकी प्रथमेश म्हणाला. "कुंट्यापाशी थांबली होती की. म्हणाली, मागनं कुणीतरी येतंय, मी थांबते."

"मागनं मीच येत होते. मला नाही दिसली."

 फोन लावला, लागला नाही. तिथं कधीच लागत नाही. हिम्मतरावांनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली, परत वाजवली. दोघा पोरांना मधल्या पायवाटेनं पाठवलं, दोघांना मागच्या बाजूनं. त्रिवेणी त्याआधीच निघाली होती. केळ्यांची पिशवी अजून हातातच होती, ती चढावर कुठंतरी टाकली. पायात गोळे येत होते. गेल्या वीस वर्षांत तिनं देवाकडे काही मागितलं नव्हतं, आता वाटेल ते कबूल करत पळत होती. नवस, उपास, खण-नारळ, मला ने पण तिला राहू दे.

पहिल्या वळणावर तिला लाल फीत दिसली.

ती थांबली. कमरेच्या पिशवीत हात घातला. सोडलेल्या सगळ्या फिती तिथं होत्या, गुंडाळी तशीच. फांदीवरची फीत उन्हानं विटलेली होती, कडा सुटलेल्या, जवळजवळ गुलाबी. एका पावसाळ्यातनं गेलेली. आपण मघाशी याच फांदीवरनं फीत सोडली, हे तिला पक्कं आठवत होतं. पुढच्या सीताफळावर तसलीच दुसरी. मग तिसरी. तिनं फितींच्या मागोमाग जायचं ठरवलं असं नाही. दुसरीकडे जायला वाटच नव्हती.

आणि मग मागं पावलं वाजली.

सावकाश. दमलेल्या माणसाची, बूट घासत टाकलेली. ती थांबली की थांबायची. ती चालली की चारपाच पावलं सोडून निघायची. त्रिवेणीनं मागं पाहिलं नाही. तिनं स्वतःलाच सांगितलं, पोरं असतील, हिम्मतराव असतील. पण पोरं अशी चालत नाहीत, आणि हिम्मतरावांनी हाक दिली असती. ऊन चांगलं वर आलेलं, धुकं विरलेलं, लख्ख सकाळ. सकाळच्या उन्हात भीती वाटत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिथं जाऊन बघावं. मोर गप्प झाले होते. घाणेरीचा उग्र वास येत होता आणि त्या वासात दुसरा एक वास हळूहळू मिसळत गेला. स्वच्छ, थंड, सुई टोचायच्या आधी दंडावर फिरवतात त्या कापसाचा.

"ज्योती..." ती पुटपुटली. "ज्योती, नको गं..."

पावलं थांबली नाहीत. आता जवळ होती.

कुंट्याच्या वरच्या अंगाला दोन धोंडे आहेत, घरापेक्षा मोठे. त्यांच्या फटीशी तेजश्री बसली होती. पाठ धोंड्याला टेकलेली, उजवा हात खांद्यापर्यंत फटीत. आईला बघून ती उठली नाही.

"तेजू! ऊठ. चल."

"जोरात नको बोलूस," तेजश्री म्हणाली. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज अगदी शांत होता. "आत्ता कुठं ती रडायची थांबलीये."

"कोण?"

"आत आहे ना ती. पाय अडकलाय तिचा. मी म्हटलं, मी खाली जाऊन माणसं घेऊन येते, तर म्हणते, नको, जाऊ नको. सगळे तेच म्हणून जातात, म्हणाली." तेजश्रीनं ओठांवरनं जीभ फिरवली. "हात किती गार आहे गं, आई. मी तिला सांगितलं, शेपूट येतंय मागनं, शेपूट कुणाला सोडून जात नाही. तर ती काही बोललीच नाही."

त्रिवेणीनं लेकीचा खांदा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तेजश्री कळवळली. हात तसूभर हलला नाही. त्रिवेणी पालथी पडली, फटीत डोळे घातले. अंधार, पालापाचोळा. लेकीचा हात कोपरापर्यंत दिसत होता, पुढं काही दिसत नव्हतं. मागं पावलं येऊन थांबली होती. तिच्या मानेवर कुणाचातरी दमलेला श्वास लागत होता, थांबून थांबून, खूप चढ चढून आल्यासारखा.

तेव्हा त्रिवेणी बोलली. फटीकडे बोलावं की मागं, तिला कळेना, म्हणून ती डोळे मिटून जमिनीलाच बोलली.

"खडा होता," ती म्हणाली. "तू ठेवला होतास. मी फेकला. मी... मला घरी जायचं होतं गं. माणसं यायची होती. मला वाटलं तू गेलीस. आणि नंतर कळलं तरी मी बोलले नाही. त्या फोनवर बोलले असते तर तू... तू होतीस तेव्हा. मला माहीत आहे, तू होतीस." तिला हुंदका आवरेना. "हिला सोड. हिनं काय केलंय? मी सांगते. खाली जाऊन सगळ्यांपुढं सांगते, तुझ्या आईपुढं सांगते. शपथ घेते, हिची शपथ. सोड हिला."

बराच वेळ काही झालं नाही. मग तेजश्रीनं खोल श्वास घेतला आणि हात बाहेर काढला. मनगटावर चार बोटांच्या पांढऱ्या खुणा होत्या. तिनं आईकडे बघितलं.

"कुठला खडा, आई?"

"खाली सांगते. चल."

उतरताना मागं कुणी नव्हतं. फितीही नव्हत्या. मोर परत ओरडायला लागले होते. त्रिवेणीनं लेकीचा डावा हात घट्ट धरला होता, पोरगी लहान असताना कोठीच्या गर्दीत धरायची तसा. खाली मंडळी धावत सामोरी आली. कुणी पाणी दिलं, कुणी शाल टाकली. हिम्मतरावांचे डोळे भरले होते. तेजश्रीनं कट्ट्यावरचा आपला काळा खडा उचलला आणि बाजूला टाकला.

"काय झालं होतं?" हिम्मतरावांनी विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. बारा वर्षांची ओळख असलेली माणसं. सणावाराला येणारी, तिच्या हातच्या पुरणपोळीचं नाव काढणारी. लेक धडधाकट उभी होती, ऊन होतं, चहाचा वास होता. आणि त्रिवेणीला वाटलं, आज नको. घरी जाऊ, पोरगी जरा सावरू दे, उद्या हिम्मतरावांना एकट्यांना गाठून सांगू. ते आधी, मग चतुराबाईंना. हे शहाणपणाचं वाटलं तिला.

"पाय मुरगळला हिचा. बसली होती," ती म्हणाली.

हिम्मतरावांनी मान हलवली. साफ कट्ट्याकडे पाहिलं. सवयीनं विचारलं, "मागे कोणी?"

आणि तिच्या तोंडून सवयीनंच गेलं, "कोणी नाही."

तेजश्रीचा उजवा हात हळूच मागं गेला. लहान मूल गर्दीत मागं राहिलं की आपण चालता चालता हात मागं करतो ना, तसा. तळवा वळलेला, बोटं किंचित मिटलेली. तिनं स्वतःच्या हाताकडे वळून पाहिलं.

"आई..."

"हात पुढं घे, तेजू."

"येत नाहीये."

"अगं सोड तो हात. सोडून दे."

"मी कुठं धरलाय," तेजश्री म्हणाली. "मी नाही धरलेला, आई."

मग त्रिवेणीनं सांगितलं. सगळं, तिथंच, कट्ट्यावर हात टेकून. गारगोटी, पुण्याची माणसं, फोनवरचं वाक्य, एकही गोष्ट गाळली नाही. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा कुणाला खरं वाटलं नाही. हिम्मतरावांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात ठेवली. दोघींना गाडीत बसवलं. पण हात काही पुढं आला नाही.

तशीच ती लेकीला घेऊन विद्यानगरला गेली. चतुराबाई दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतात, जिना अरुंद, वरून तिसरी पायरी तुटलेली. चतुराबाईंनी दोघींना बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं. शिव्या दिल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे त्या कुणाकडे बघतायत ते नीट कळत नाही.

"म्हंजे ठेवला होता खडा," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो बाई," त्रिवेणी म्हणाली.

"मी म्हणत होतेच. कुठं आहे?"

"काय?"

"खडा. माझ्या लेकराचा खडा कुठं टाकलास?"

"घाणेरीत... तिथंच, कट्ट्याच्या मागं."

"आणून दे," चतुराबाई म्हणाल्या.

या गोष्टीला आता चार महिने झाले. कोठीतल्या तीन डॉक्टरांनी तेजश्रीचा हात बघितला. नस ठीक, हाड ठीक, मनावर घेतलंय म्हणाले. ती डाव्या हातानं जेवते, डाव्या हातानं लिहिते. हात उशीच्या बाजूला टांगता ठेवून झोपते. त्रिवेणी रोज पहाटे नेमलीगुट्ट्यावर जाते. धावायला नाही. गुडघ्यांवर बसून घाणेरी उपसते, हात ओरबाडून घेते, आणि सुपारीहून थोडी मोठी, एका बाजूनं लालसर अशी गारगोटी शोधते. त्या डोंगरात गारगोट्या किती आहेत, ते देवाला माहीत. रोज त्यातल्या त्यात जुळणारी एक आणते. हिम्मतराव कधीकधी मदतीला येतात, तिच्याशी बोलत नाहीत, दुसऱ्या टोकानं शोधत राहतात.

मग तेजश्रीला घेऊन ती चतुराबाईंकडे जाते. चतुराबाई खडा बघत नाहीत. तेजश्रीच्या मागे जाऊन उभ्या राहतात आणि तो तिच्या वळलेल्या तळव्यात ठेवतात. बोटं मिटत नाहीत. खडा घसरतो, फरशीवर पडतो.

"हा नाही," चतुराबाई म्हणतात.

परवा त्रिवेणीला राहवलं नाही. ती तिथंच फरशीवर बसली. "बाई, मी थकले हो. हजारो आहेत तिथं. नाहीच सापडला तर मी काय करू?"

"ती पण थकली होती," चतुराबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "दोन दिस वाट पाहिली तिनं. उद्या ये."

दोघी निघाल्या. त्रिवेणी पुढं, तेजश्री मागं, तिचा हात आणखी मागं. चतुराबाई भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. चौकटीत उभ्या राहून त्यांनी जिन्यात वाकून सांगितलं, रोज कामाला निघालेल्या माणसाला सांगतात तसं, "तिसरी पायरी तुटकी आहे गं. सावकाश उतर."

"हो आजी," तेजश्री म्हणाली.

"तुला नाही म्हटलं, बाळा," चतुराबाई म्हणाल्या, आणि दार उघडंच ठेवून आत गेल्या.